छोट्या पल्ल्याची इलेक्ट्रिक गाडी आणि गावचा रस्ता: गणित सुटतं ते मुक्कामाच्या प्लगवर

प्रश्न थोडक्यात असा: पार्ल्यात राहणारं कुटुंब, त्यात आई-वडील सत्तरीच्या पुढचे. गाडी टियागो ईव्ही, २४ युनिटची बॅटरी. ऑफिस, शाळा, बाजार यासाठी गाडी उत्तम चालली आहे. गाव संगमेश्वरजवळ. गावी जायचं झालं की रेल्वे किंवा भाड्याची गाडी. आता घरात दोन तट पडलेत. ही विकून मोठी डिझेल गाडी घ्यायची, की हिच्यावरच कोकण, महाबळेश्वर, नाशिक करायचं? बॅटरी किती उरली याच काळजीत सगळा प्रवास जातो, असं ऐकलंय, ते खरं का?

माझं मत स्पष्ट आहे. विकू नका. गेली काही वर्षं मी अशीच छोट्या बॅटरीची गाडी मुंबईतून बाहेर काढतो आहे, आणि नव्याने गाडी घेतलेल्यांना पहिल्या लांबच्या प्रवासाची आखणी करून देतो. त्या अनुभवातून एक गोष्ट ठामपणे सांगतो. लोक सगळा जीव रस्त्यातल्या फास्ट चार्जरमध्ये अडकवतात. खरा प्रश्न मुक्कामाचा असतो. जिथे रात्री झोपणार तिथे धड अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा पॉइंट आहे की नाही, यावर प्रवास सुखाचा होतो की कटकटीचा हे ठरतं. तो असेल तर रस्त्यातलं चार्जिंग म्हणजे चहा-नाश्त्याचा थांबा. तो नसेल तर सुट्टीचा अर्धा दिवस कुठल्या तरी हॉटेलच्या आवारात जातो.

आधी आकडे. गाडी बाजारात आली तेव्हा चाचणीतला पल्ला ३१५ किलोमीटर सांगितला जायचा. तो आकडा विसरा. चार माणसं, डिकी भरलेली, एसी सुरू आणि सपाट रस्त्यावर ऐंशीचा वेग धरला तर १९० ते २०० मिळतात. शंभरच्या वेगाने चालवलीत तर १६५-१७०. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ऐंशीवरून शंभरला गेलं की तो दीडपटीच्याही वर जातो. शंभर किलोमीटरला ऐंशीने साधारण साडेअकरा युनिट लागतात, शंभरने साडेचौदा.

यावरून सगळे सल्ला देतात की हळू चालवा म्हणजे वेळ वाचेल. हे अर्धंच खरं आहे. ऐंशीने गेल्यावर शंभर किलोमीटरमागे पंधरा मिनिटं जास्त जातात. वाचलेली तीन युनिटं फास्ट चार्जरवर आठ-दहा मिनिटांत भरून निघतात. म्हणजे चार्जर समोर आहे, रिकामा आहे आणि चालू आहे याची खात्री असेल तर शंभरने जाणाराच आधी पोचतो. मग मी ऐंशी-पंच्याऐंशीला का चिकटून राहतो? ती खात्री कधीच नसते म्हणून. हळू गेल्यामुळे चार्जरपाशी पोचताना गाडीत २५-३० टक्के शिल्लक असतात आणि तो बंद निघाला तर पुढचा गाठता येतो. शिवाय हळू गेल्याने एखादा थांबा अख्खा टळत असेल तर मात्र खरंच वेळ वाचतो, कारण एका थांब्यामागे गाडी वळवणं, ॲप उघडणं, नंबर लागण्याची वाट बघणं असा पाऊण तास सहज जातो.

तुमच्या रस्त्याचं बघू. पार्ल्याहून माणगाव दीडशेच्या आसपास, चिपळूण अडीचशेच्या, संगमेश्वर तीनशेच्या आसपास. घरून आदल्या रात्री मंद चार्जिंगने पूर्ण १०० टक्के करून निघा. तुमच्या गाडीतल्या बॅटरीचं रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नेमके किती टक्के उरलेत हे गाडीलाही अंदाजानेच काढावं लागतं. अधूनमधून १०० पर्यंत भरलं की तो अंदाज जागेवर येतो. बरेच दिवस ४० ते ८० च्या दरम्यान फिरवलेली गाडी तशीच हायवेवर काढली तर शेवटच्या १५ टक्क्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

पहाटे साडेचार-पाचला निघालात की पनवेल, पेण, वडखळ गर्दी व्हायच्या आत मागे पडतात. पहिला थांबा कोलाड ते माणगाव या पट्ट्यात, गाडीत ३० टक्के असताना. नाश्ता, आई-बाबांचं पाय मोकळे करणं, लहानग्याचं दूध यात पाऊण-एक तास जातोच. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे १० ते ८० टक्के व्हायला ५८ मिनिटं लागतात आणि अनुभवही फार वेगळा नाही. ८०-८५ झाले की निघा. त्यापुढे बॅटरी करंट घेणं कमी करते, शेवटच्या १५ टक्क्यांना लागणारा वेळ कामाचा नाही, आणि मागे कुणी तरी उभं असतं. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटातला वळणांचा रस्ताही टळतो. चिपळूणला पोचताना पुन्हा तिशीच्या आसपास असाल. जेवणाच्या वेळेत ६०-६५ पर्यंत घ्या, तेवढं पुरे. पुढे पन्नासेक किलोमीटरच आहे, आणि घरी प्लग आहे.

चार्जर निवडताना एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपली गाडी डीसीवर, म्हणजे फास्ट चार्जरवर, फार तर वीस-पंचवीस किलोवॅट घेते. समोरचा चार्जर १२० चा असो की ३० चा, आपल्याला तेवढंच मिळणार. त्यामुळे मोठ्या चार्जरसाठी वीस किलोमीटर पुढे जाऊ नका आणि त्याच्या रांगेतही उभे राहू नका. ३० किलोवॅटचा जुना, कुणी फारसं न वापरणारा चार्जर आपल्यासाठी सर्वांत चांगला. ६० चा दोन गनचा (गन म्हणजे केबलचं गाडीत जोडायचं टोक) असेल आणि दुसऱ्या गनला कुणी लागलं असेल तरी बिनधास्त जोडा, अर्धी पॉवर मिळाली तरी आपलं काही अडत नाही.

ॲपवर हिरवा ठिपका दिसला म्हणजे चार्जर चालू आहे असं धरू नका. शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा आणि तिथल्या हॉटेलला किंवा पंपाला सरळ फोन करा. "दादा, चार्जर चालू आहे का, कुणी गाडी लावलीय का?" एवढं विचारलं की गल्ल्यावरचा माणूस बाहेर डोकावून सांगतो. दोन-तीन कंपन्यांची ॲप्स घरूनच घेऊन त्यात पैसे भरून ठेवा, घाटाच्या पायथ्याला नेटवर्क नसताना ओटीपी येत नाही. आणि बंद दिसणारे चार्जर पुष्कळदा बिघडलेले नसतातच. समोरचं लाल इमर्जन्सी बटण कुणी तरी दाबलेलं असतं. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की टक् करून बाहेर येतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत मशीन सुरू होतं. गन नीट बसत नसेल, चार्जिंग सुरू होऊन लगेच तुटत असेल, तर तिचं वजन हाताने खालून तोलून धरा आणि लॉकचा आवाज येईपर्यंत सोडू नका. जड केबल गनला खाली ओढते आणि आतल्या पिना तिरक्या टेकतात, एवढंच कारण असतं.

आता मुक्काम, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास पॉवर आठ-नऊ तास सलग ओढतो. गीझरही तेवढीच ओढतो, पण पंधरा-वीस मिनिटं. एसीचा कॉम्प्रेसर मधे मधे थांबतो. हा रात्रभर थांबत नाही. म्हणून "आमच्याकडे मोठा प्लग आहे" हे गावच्या चुलत भावाचं उत्तर पुरेसं नाही. प्लग कुठला, वायर कुठली, अर्थिंग आहे का, हे तीन प्रश्न विचाराच.

अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून बसतो, चार्जिंग सुरूच करत नाही. कोकणात यात ऋतूचाही हात असतो. जांभ्याची जमीन पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग चांगलं लागतं. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन कोरडी ठणठणीत होते आणि गणपतीत बिनतक्रार चाललेला चार्जर मे महिन्यात रुसतो. अर्थिंगचा खड्डा शोधा, त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता, अर्ध्या तासाने पुन्हा लावून बघा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. कायमचं करायचं तर वायरमनला बोलावून कोळसा-मीठ घालून नवा खड्डा करून घ्या, फार खर्चाचं काम नाही. एक मात्र कळकळीने सांगतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडून चार्जरला फसवणारे प्लग मिळतात, काही वायरमनही "साहेब, करून देतो जुगाड" म्हणतात. ते करू नका. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येऊ शकतो, आणि अंगणात मुलं खेळत असतात.

वायर सोबत न्या. तीन कोरची, तांब्याची, दहा मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची, वीस-पंचवीस मीटर लागत असेल तर ४ ची. टीव्ही-मोबाइलचा एक्स्टेन्शन बोर्ड यासाठी कधीही वापरू नका. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून चार्जिंग करायचं नाही, पूर्ण सोडून मोकळी पसरायची, नाहीतर आतले वेढे तापून इन्सुलेशन वितळतं. चार्जरचा डबा सॉकेटवर लोंबकळत ठेवू नका, खिळ्याला अडकवा किंवा खुर्चीवर ठेवा. चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने मुद्दाम जाऊन प्लगवर हात ठेवून बघा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच प्लग काढा. सॉकेटच्या आतली पट्टी सैल झालेली असते आणि तिथे ठिणग्या पडत असतात. नवा १५ अँपिअरचा सॉकेट थोडक्या पैशांत येतो. मी सरळ सोबत नेतो आणि यजमानांना विचारून बदलून घेतो. त्यांच्याही गीझरला तो चांगलाच.

वेळ रात्री दहा-अकरानंतरची निवडा. संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप आणि दिवे सुरू असतात आणि शेवटच्या घराला १८०-१९० व्होल्ट येतात. अकरानंतर व्होल्टेज सुधारतो. जुन्या घरांचा मंजूर भार कमी असतो, म्हणून चार्जिंग चालू असताना पंप आणि गीझर लावू नका असं घरच्यांना सांगून ठेवा. आणि वापरलेल्या युनिटांचे पैसे आपणहून द्या. काका-काकू नको म्हणतीलच, तरी द्या. वीस युनिटांचं बिल त्यांच्या महिन्याच्या बिलात दिसतं.

हॉटेल किंवा होमस्टे घेताना "चार्जिंग आहे का" असं विचारलं की बहुधा नाही म्हणतात. "पार्किंगजवळ १५ अँपिअरचा पॉइंट आहे का, एसी-गीझरला असतो तसला, आणि रात्रभर वापरू द्याल का, युनिटप्रमाणे पैसे देतो" असं विचारा. उत्तर बदलतं. लॉन्ड्री आणि पंपघर या दोन ठिकाणी तो पॉइंट हमखास असतो.

घाटाबद्दल लोक फार घाबरतात, म्हणून हिशेब देतो. माणसं-सामानासकट गाडी साडेचौदाशे किलो धरू. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत पाचेकशे मीटर चढलात की चढण्यासाठी दोन-सव्वादोन युनिट जादा लागतात, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. बस, एवढंच. बोरघाट किंवा कसारा चढताना टक्के भराभर उतरताना दिसतात, पण ते वर पोचेपर्यंतच.

महाबळेश्वर मात्र वेगळं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने चाळीसेक किलोमीटरमध्ये तेराशे मीटर चढायचं. चढाईलाच साडेपाच-सहा युनिट, वर रस्त्याचे तीन-साडेतीन. चाळीस किलोमीटरला बॅटरीचा जवळजवळ ४० टक्के भाग. म्हणून पोलादपूर सोडताना गाडीत ६५-७० टक्के हवेत. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे बंदही असतो, निघण्याआधी चौकशी करा. पुण्याहून वाई-पाचगणी मार्गे गेलात तर चढण कमी आणि वाटेत चार्जिंगची सोयही बरी.

उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते (यालाच रीजन म्हणतात) आणि चढाईला गेलेली वीज निम्म्याहून जास्त परत येते. पण वरच्या हॉटेलात रात्रभर लावून १०० टक्के केलेली गाडी सकाळी घाटात घातली तर भरायला जागाच नसते. मग रीजन लागत नाही आणि सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. एरवी ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप रोखली जाते, त्या सवयीचा चालक पहिल्याच उतारावर दचकतो. महाबळेश्वर, आंबोली, कुठेही वर मुक्काम असेल तर ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

पाऊस आणि ट्रॅफिक यांची चिंता मात्र कमी करा. एसी तासाला साधारण एक युनिट खातो. माणगावच्या बाजारपेठेत तासभर अडकलात तरी आठ-नऊ किलोमीटरचा पल्ला गेला, जास्त काही नाही. पावसात डीसी चार्जिंग चालतं, गन जोडून लॉक झाल्याशिवाय त्यात वीज येत नाही. पागोळ्यांखाली पसरलेली एक्स्टेन्शन वायर मात्र धोक्याची, तिचा जोड नेहमी छपराखाली आणि जमिनीपासून वर ठेवा. बॅटरी पाण्यापासून बंदिस्त असली तरी साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका, हे वेगळं सांगायला नको.

छोट्या पल्ल्याच्या गाडीला मुंबईहून एक सुंदर वाट आहे, ती म्हणजे समुद्र. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. तासाभरात पलीकडे. मांडव्याहून अलिबाग वीस किलोमीटर, मुरुड सत्तरेक. म्हणजे मुरुड-जंजिरा करून परत आलात तरी एका चार्जमध्ये बसतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, तेवढं बघून घ्या. पुढे दापोलीकडून गुहागरला जातानाही दाभोळची फेरीबोट घ्या, चिपळूणचा वळसा वाचतो.

खर्चाचं सांगून टाकतो. घरच्या विजेवर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया पडतो, रस्त्यातल्या फास्ट चार्जरवर अडीच-तीन, कारण तिथला दर घरच्या दुप्पट-अडीचपट असतो आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणूनही मुक्कामाचा प्लग महत्त्वाचा. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना राज्याने टोल माफ केला आहे. फास्टॅगमधून पैसे कापले गेले नाहीत ना, हे घरी आल्यावर तपासत जा.

कुठे नेऊ नये, तेही सांगतो. समृद्धीने एका दिवसात नागपूर. रस्ता ७०१ किलोमीटरचा, आपला एक टप्पा फार तर ११०-१२० चा, म्हणजे पाच-सहा थांबे आणि प्रत्येकी तासभर. वेगमर्यादा १२० ची, मोठ्या गाड्या त्या वेगाने जवळून जातात, आणि उन्हाळ्यात विदर्भातला काँक्रीटचा रस्ता दुपारी भट्टीसारखा तापतो. वृद्ध माणसांना घेऊन हे करू नका, रेल्वेने जा. शिर्डी किंवा संभाजीनगर मात्र मुक्काम धरून आरामात होतं. तुमच्या शेजाऱ्यांची कॉमेटसारखी १७.३ युनिटची गाडी असेल तर त्यांना हा लेख लागू नाही. ती डीसी चार्जिंग घेत नाही, तेव्हा शहरापुरतीच ठेवावी. वर्षातून एक-दोनदाच नागपूरसारखा लांबचा प्रवास येत असेल तर त्या वेळी गाडी भाड्याने घेणं हे मोठ्या डिझेल गाडीच्या हप्त्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

आणि पहिला प्रवास गणपतीत करू नका. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत हायवेवर एकेका चार्जरला चार-पाच गाड्या असतात. त्यात सगळं पहिल्यांदाच करणारे, दमलेले, मुलाबाळांसह निघालेले लोक. दिवाळीनंतरचा एखादा साधा शनिवार-रविवार धरून तुम्ही दोघंच जा, गावचा प्लग, अर्थिंग, वायर सगळं लावून बघून या. मग पुढच्या वर्षी गणपतीला आई-बाबांना रेल्वेने संगमेश्वर रोडला उतरू द्या. त्यांचं आरक्षण मिळालं की तुम्ही आदल्या रात्री सावकाश गाडी घेऊन निघा, आणि स्टेशनवर त्यांना घ्यायला उभे राहा. चतुर्थीनंतर गाडी गावातच असेल, सकाळी मामाकडे, संध्याकाळी देवरुखला, रोज तीस-चाळीस किलोमीटर. त्यासाठी तर ही गाडी फारच छान आहे.